तीनशे वर्षांचा राजकुमार आणि जुलैचं वारं

पत्र लिहिणारी वीस वर्षांची आहे. गाव बीड जिल्ह्यातलं, कॉलेजसाठी सध्या अंबाजोगाईत खोली करून राहते. दोन वर्षांपासून ती किशोरवयीन वाचकांसाठी एक फँटसी प्रेमकथा लिहिते आहे. नायिका एलारा, वय सतरा, बर्फाळ डोंगरातल्या एका राज्यात राहणारी. तिचं लग्न मनाविरुद्ध ठरतं. तीनशे वर्षांचा वायुराजकुमार एरियन तिला उचलून ढगांपलीकडच्या महालात नेतो आणि पुढं दोघं मिळून दुष्ट राजाशी लढतात. चाळीस हजार शब्द झालेत. दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. एक तिसऱ्या प्रकरणात थांबली. दुसरी म्हणाली, "हे कुठंतरी वाचल्यासारखं वाटायलंय." पत्रात तिनं विचारलंय: "ताई, आपल्याकडं आहे काय? दुष्काळ, ऊस आणि धूळ. इथं कसली जादू घडणार? म्हणून दूरचं राज्य घेतलं, तर ते उसनं वाटतं. शिवाय प्रेमकथा म्हटल्यावर घरचे काय म्हणतील ही धास्ती आहेच. सोडून देऊ का?"

सोडू नकोस. मात्र तुझ्या मैत्रिणींना दोष देऊ नकोस, त्या चांगल्या वाचक आहेत. तू सोबत पाठवलेल्या प्रकरणांत एरियन येतो बावन्नाव्या पानावर. त्याआधी राज्याची वंशावळ आहे, पाच जुनी युद्धं आहेत, महालाच्या खिडक्यांचं वर्णन आहे. आणि एकदा आला की त्याला काहीही जमतं. वादळ आणतो, मनातलं ओळखतो, जखमा भरतो, एका ठिकाणी तर काळ थांबवतो. इतकं सगळं येणाऱ्या माणसाबद्दल वाचणाऱ्याला काळजी वाटत नाही, आणि काळजी वाटली नाही की पान उलटत नाही.

"आपल्याकडं आहे काय" हा तुझा प्रश्न आणि एरियनचं सर्वशक्तिमान असणं, या दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. बर्फातल्या डोंगरावर वारा कसा वागतो हे तू पाहिलेलं नाहीस. त्यामुळे त्याला काय जमत नाही, हे तुला ठाऊक नाही, आणि म्हणून तू त्याला सगळंच देऊन टाकलंस. बालाघाटच्या पठारावरचा वारा मात्र तुला माहीत आहे. तो कधी सुटतो, कधी पडतो, कुणाचं काय नेतो हे तू लहानपणापासून बघत आलीस. या प्रकारच्या कथेत लेखकाचं खरं काम जादूला आवर घालण्याचं असतं, आणि तो आवर घालायला लागणारी माहिती तुझ्याजवळ आहे.

आधी हा वायुराजकुमार आला कुठून ते बघू. माती, पाणी, आग, हवा या चार तत्त्वांचे चार जीव आणि त्यांतला हवेचा तो सिल्फ, ही मांडणी सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस या स्विस वैद्याची. अशा जीवांना आत्मा नसतो आणि माणसाशी लग्न केलं की तो मिळतो, ही कल्पनाही त्याचीच. तिथून युरोपभर देखण्या, नाजूक, दिसणाऱ्या वायुजीवांची रांग लागली. निळ्या डोळ्यांचा एरियन त्याच रांगेतला. मैत्रिणीला ओळखीचं वाटलं ते यामुळे. तू चोरी केलेली नाहीस. कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. पण मांडणीही तिकडचीच राहिली तर वाचणाऱ्याला तुझ्याकडून नवं काय मिळालं?

आपल्या परंपरेतला वायू वेगळा आहे, आणि प्रेमकथेला जास्त सोयीचा. तर्कशास्त्रात वायूची ओळखच अशी दिली जाते की त्याला रूप नाही, पण स्पर्श आहे. पंचमहाभूतांच्या मांडणीतही स्पर्श हा वायूचा खास गुण. म्हणजे तुझा नायक दिसणार नाही, जाणवेल. निळे डोळे, रुंद खांदे, चंदेरी केस हे सगळं एका फटक्यात गळून पडतं आणि तुला प्रत्येक भेटीत विचार करावा लागतो की तो आला हे तिला कळलं कशावरून. घराणी, कुळं हवी असतील तर पुराणांत वायूचे सात स्कंध आहेत: आवह, प्रवह, संवह, उद्वह, विवह, परिवह, परावह. दितीच्या गर्भाचे इंद्रानं सात आणि मग प्रत्येकाचे सात तुकडे केले, त्यातून एकोणपन्नास मरुत झाले, हीही एक तयार वंशावळ आहे. फक्त ती पहिल्या दोन प्रकरणांत ओतू नकोस. वंशावळ लेखकाच्या वहीत असावी. वाचणाऱ्याला त्यातलं एखादं नाव नवव्या प्रकरणात, गरज पडल्यावर कळलं तरी पुरतं.

आता देह. न दिसणाऱ्या नायकाला दिसू द्यायचं तर त्याच्यात काहीतरी मिसळावं लागतं, आणि आपल्याकडं हे मिसळण्याचं सामान ऋतूनुसार बदलतं. मार्च ते मे धूळ. ऑक्टोबरात सोयाबीनचं भुसकट. दिवाळीनंतर वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू. डिसेंबर-जानेवारीत मळणीयंत्राच्या तोंडून उडणारा तुरीचा भुसा. ऊस तुटल्यावर पाचट पेटवलं की हवेत तरंगणारी काळी काजळी. शिवाय बारमाही चुलीचा धूर, पिठाच्या गिरणीतलं पीठ, दोरीवर वाळत घातलेलं धुणं. दर ऋतूत त्याचा चेहरा वेगळा, आणि त्याला पुन्हा ओळखण्याचं काम दर वेळी तिच्यावर. कापसाच्या तंतूंत तो हळवा वाटेल, काजळीत भीतिदायक. तू "त्याच्या डोळ्यांत समुद्राची खोली होती" असं लिहिलंयस. त्या जागी "गिरणीच्या दारातून येणारा उजेडाचा पट्टा पिठानं भरला आणि त्यात एक खांदा वळला" असं काही लिहून बघ. वाक्य माझं घेऊ नकोस, रीत घे.

आवाजाचंही तसंच. त्याला गळा नाही. हवा कशावर तरी आपटल्याशिवाय किंवा कशातून तरी गेल्याशिवाय आवाज होत नाही. तारेवरून वारा गेला की तारेच्या मागं हवेचे भोवरे एकाआड एक सुटतात, आणि ते सेकंदाला किती सुटतात त्यावर सूर ठरतो. हिशोब सोपा आहे: वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याला 0.2 नं गुणायचं आणि तारेच्या जाडीनं, तीही मीटरमध्ये, भागायचं. ताशी 18 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला 5 मीटर. कुंपणाची तार 3 मिलिमीटर जाडीची असेल तर कंपनं येतात 330 च्या आसपास, म्हणजे बाईनं गुणगुणावं असा सूर. तोच वारा विजेच्या सेंटीमीटरभर जाड तारेवरून गेला तर 100, म्हणजे पुरुषाच्या खालच्या पट्टीतला आवाज. वेग वाढला की सूर चढतो. रिकाम्या घागरीच्या तोंडावरून गेला तर घागरीचं पोट जितकं मोठं तितका आवाज खाली. आता तुझ्याकडं असा नायक आहे ज्याला तिच्याशी बोलायला गावातली एखादी वस्तू लागते, आणि जो रागावला की आपोआप चिरकतो. बंद खोलीत तो मुका आहे. त्यांच्या पहिल्या भांडणासाठी मी तर बंद खोलीच निवडेन.

ताकदीचं गणित तू सरळ वहीत उतरवून घे, कारण तुझी कथा सगळ्यात जास्त इथंच घसरते. पाच-सहाशे मीटर उंचीवरची आपली मे महिन्यातली हवा घनमीटरला साधारण एक किलो भरते. माणसाच्या देहाचं आकारमान 0.06 ते 0.07 घनमीटर. म्हणजे माणसाएवढा वायुजीव जेमतेम 65-70 ग्रॅमचा. त्याला खांद्यावर हात ठेवता येईल, दार ढकलता येणार नाही. तो तुझ्या दहा बाय बाराच्या खोलीएवढा झाला तर 35 किलोच्या घरात जातो. ताकद हवी तर त्याला मोठं व्हावं लागेल किंवा वेगात यावं लागेल. वेग दुप्पट झाला की ढकलण्याचा जोर चौपट होतो: ताशी 36 किलोमीटरला उभ्या माणसावर साधारण तीन किलोचा रेटा, 72 ला बारा किलोचा.

आणि उचलणं? विमानातून उडी मारलेल्या माणसाचा पालथ्या स्थितीतला वेग ताशी 190-200 किलोमीटरवर स्थिरावतो. तेवढाच वारा खालून वर आला तर माणूस तरंगेल. एलारा सडपातळ धरली तरी ताशी 150 किलोमीटरच्या खाली भागत नाही. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापनपट्टीवर 118 च्या पुढं चक्रीवादळाचाच वर्ग लागतो. तुझ्या सातव्या प्रकरणात एरियन तिला अंगणातून अलगद उचलतो, आणि त्याच अंगणात पणती तेवत राहते! खरं तर त्या वेळी गल्लीतले पत्रे, कडब्याची गंजी, शेजाऱ्याचा गोठा यांतलं काहीच जागेवर राहिलेलं नसेल. फँटसीत भौतिकशास्त्र तंतोतंत पाळलंच पाहिजे असं कुणी म्हणत नाही. पण किंमत पाळलीच पाहिजे. तो तिला एकदा उचलू शकतो आणि त्यात शेजारणीचं घर उघडं पडतं, असं ठरव. मग ती दुसऱ्यांदा "मला ने" म्हणताना अडखळेल आणि तुझं प्रकरण उभं राहील.

प्रत्येक प्रसंगाच्या समासात वाऱ्याचा वेग आणि दिशा पेन्सिलीनं लिहायची सवय लाव. ताशी 6 ते 11 ला चेहऱ्याला जाणवतो, पानं सळसळतात. 20 ते 28 ला धूळ आणि कागद उडतात. 39 ते 49 ला मोठ्या फांद्या हलतात, तारा शिट्टी घालतात, छत्री आवरत नाही. 62 ते 74 ला डहाळ्या मोडतात आणि वाऱ्याच्या तोंडी चालणं कठीण होतं. समासात 25 लिहिलं असेल आणि खाली तिनं उदबत्ती लावली असेल तर चूक तुझी तुलाच दिसेल. वायुजीवांच्या नियमांसाठी वहीत तीन रकाने कर: काय जमतं, काय जमत नाही, जमलं तर कुणाला काय मोजावं लागतं. नियम पाच-सहाच ठेव आणि पुस्तकाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात ते सगळे घटनांतून दाखवून टाक. शेवटच्या लढाईत अचानक सातवी शक्ती निघाली की वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. तुझ्याकडं ती निघालीय. काळ थांबवण्याची.

आता इथल्या वाऱ्याकडं ये. तू विचारतेस इथं काय आहे, आणि माझ्या मते तुझ्या कथेचा सगळ्यात मोठा संघर्ष तुझ्याच शिवारात पडून आहे.

होळीनंतर दुपारचं वारं तापायला लागतं. निरभ्र आकाश, तापलेली काळी जमीन आणि बाकीचा वारा मंद असेल तेव्हा वावटळ उठते. जमिनीलगतची हवा तापून वर झेपावते आणि आजूबाजूची हवा आत घुसताना फिरायला लागते. ती बहुतेक वेळा काही मीटर रुंद असते, काही मिनिटांत विरते, आणि डावीकडं की उजवीकडं फिरायचं याचा तिला नियम नाही. पोरवयातल्या, उतावळ्या, क्षणात विरणाऱ्या वायुजीवांसाठी हा वर्ग आयता आहे. वळीव त्याच्या उलट: दुपारभर साचतो, संध्याकाळी ढगातून थंड हवा एकदम खाली कोसळते आणि पावसाच्या आधी पाच-दहा मिनिटं सोसाटा येतो. तो गारा घेऊन आला तर आंब्याचा मोहोर आणि उभी ज्वारी जाते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तुझ्या गावात अजून कुणी विसरलं नसेल.

मृग लागला की नैर्ऋत्येचं वारं येतं. जुलैत काय होतं ते तू दर वर्षी बघतेस. पेरणी झालेली असते, वारं रात्रंदिवस भणभणत असतं, ढग येतात आणि न बरसता पुढं निघून जातात. सह्याद्री चढताना त्या हवेतलं पाणी घाटमाथ्यावर पडून गेलेलं असतं. अलीकडं उतरताना ती तापते, कोरडी होते, म्हणून मराठवाडा पर्जन्यछायेत. शेतकरी मात्र म्हणतो, वाऱ्यानं ढग पळवले. याच दिवसांत पाटोदा, भूम, वाशीकडच्या पठारावरल्या पवनचक्क्या वर्षातल्या सगळ्यात जोरात फिरत असतात. खाली दुबार पेरणीची चिंता आणि वर पाती गरगर. तुझी नायिका शेतकऱ्याची मुलगी असेल आणि तिचा सखा हाच जुलैचा वारा असेल, तर ती त्याला घरच्यांसमोर आणणार कशी? त्याच्या येण्यानं तिला बरं वाटतं आणि बापाचं रान वाळतं. दुष्ट राजाची गरजच उरत नाही.

आणि पुढं ऑगस्ट-सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडं सरकलं की पूर्वेकडून ओल येते आणि मराठवाड्यावर खरा पाऊस पडतो. म्हणजे पाऊस घेऊन येणारा दुसरा वायुजीव पूर्वेचा आहे. त्याला यायचं तर पश्चिमेच्यानं जोर सोडायला हवा. प्रेमाचा त्रिकोण कर असं मी म्हणत नाही, त्रिकोण या प्रकारात फार झालेत. पण तिनं पश्चिमेच्या वाऱ्याला "आता थांब" म्हणायचं की नाही, हा प्रश्न कादंबरीचा शेवटचा तिसरा हिस्सा सहज पेलेल.

पवनचक्कीतून आणखी दोन नियम उचल. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खाली ती वीज देत नाही, आणि 90 च्या आसपास गेलं की मोडू नये म्हणून थांबवली जाते. मधलाच वारा कामाचा. दुसरा नियम, बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं शंभरेक वर्षांपूर्वी मांडलेला: वाऱ्यातली फार तर 59 टक्के ऊर्जा काढून घेता येते. सगळी घेतली तर पात्यामागं वारा थांबेल आणि पुढचा वारा यायला वाट उरणार नाही. नायिकेनं त्याला पूर्ण धरून ठेवायचा प्रयत्न केला तर काय होईल, याचं उत्तर यातच आहे. ते पात्रांच्या तोंडून समजावत बसू नकोस, घडू दे.

रात्रीचंही एक लक्षात ठेव. ऊन उतरलं की जमिनीलगतचं वारं पडतं, चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो. पण दोन-तीनशे मीटरवर त्याच वेळी जोराचा वारा असू शकतो. म्हणजे रात्री त्याला भेटायचं तर तिला उंचावर जावं लागेल: गावची पाण्याची टाकी, डोंगरावरचं देऊळ, धारूरच्या किल्ल्याचा बुरूज. तू तिला महालात नेलंस तेव्हा ती नुसती उचलली गेली. इथं ती स्वतः चढून जाईल.

आता तो मुद्दा, ज्यावर तू कदाचित नाराज होशील. एलारा सतराची, एरियन तीनशेचा. या प्रकारात ही रीत रुळलेली आहे, म्हणून तू ती विचार न करता घेतलीस. त्यात अडचण अशी की तीनशे वर्षं जगलेल्याला सगळं ठाऊक असतं, निर्णय तोच घेतो, आणि ती फक्त चकित होत राहते. तुझ्या बारा प्रकरणांत एलारानं स्वतः घेतलेले निर्णय शोध. मला दोन सापडले, आणि दोन्ही त्याच्यामागं जाण्याचे होते. वाऱ्याचं वय वर्षांत मोजायलाच हवं असं कुठंय? मागच्या वळवात जन्मलेला, एकच पावसाळा पाहिलेला, माणसांबद्दल काही न कळणारा वायुजीव घे. तिला गाव कळतं, त्याला आभाळ. दोघंही एकमेकांना काहीतरी शिकवतील. तीनशे वर्षं सोडवतच नसतील तर निदान तो तिच्या वयाचा होऊन, तिच्याइतकाच चुकत वावरतो असं कर. आणि नायिका अठराच्या आतली असेल तर शरीरसंबंधाच्या वाटेला जाऊच नकोस. चौदा-पंधराच्या मुलीही हे वाचणार आहेत. स्पर्श हाच ज्याचा गुण आहे त्या नायकाला मानेवरची एक झुळूक पुष्कळ झाली.

लग्नाचं तर आणखी जपून. सतराव्या वर्षी मनाविरुद्ध ठरलेलं लग्न ही तुझ्या कथेतली सुरुवातीची कळ आहे. बर्फाच्या राज्यात ती सजावट वाटते. बीड-परभणीत ती वस्तुस्थिती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत या दोन्ही जिल्ह्यांतल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. तुझं पुस्तक वाचणाऱ्या वर्गातल्या एखादीच्या घरी पाहुणे येऊन गेलेले असतील. तिला तू सांगतेस की वारा येईल आणि घेऊन जाईल. मी इथं वाऱ्याला छोटं काम देईन. जमिनीपेक्षा वर वाऱ्याचा वेग जास्त असतो. त्यामुळे वाऱ्याच्या दिशेनं जाणारा आवाज खाली वाकतो आणि लांबवर ऐकू येतो, तर वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा वर वाकून विरतो. म्हणजे तो तिला ओसरीवरची बोलणी आणून ऐकवू शकतो: तारीख कोणती, जागा कुठली, कुणी होकार दिला. पुढचं तिनं करायचं. 1098 ला फोन लावायचा, गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), त्याच्यापर्यंत पोचायचं, मामीला आपल्या बाजूला वळवायचं. यात थरार कमी नाही. फोनला रेंज फक्त टाकीवर मिळते आणि टाकीवर त्या रात्री वारं 45 चं आहे, असं करून बघ.

एक सावधगिरी तुळजाभवानीच्या मुलखातली. नवव्या प्रकरणात वायू एलाराच्या अंगात शिरतो आणि तिचे केस सुटतात. हे दृश्य इथं लिहिलंस की गाव म्हणेल, हिला वारं आलं. ते टाळता येत नाही, टाळूही नकोस, पण भोळेपणानं लिहू नकोस. लोक पाया पडतील, मग प्रश्न विचारायला येतील, मग उत्तर चुकलं की उलटतील. देवीच्या वाऱ्याची टिंगल होणार नाही आणि देवऋषीची जाहिरातही होणार नाही, एवढं पाहून हे सगळं नायिकेच्या अंगावर येऊ दे.

संवादांत एलारा आणि एरियन सध्या डब केलेल्या मालिकेसारखं बोलतात. तिला "कुठं गेलतास इतके दिवस?" म्हणू दे. त्याची भाषा मात्र तो कुठून आलाय त्यावर ठरव. उदगीर-उमरग्याकडून आला तर कानडी शब्द, देगलूर-धर्माबादकडून आला तर तेलुगू, नांदेडच्या गल्ल्यांतून आला तर दखनी. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या या भागाला हे ऐकायची सवय आहे. दर पानावर करू नकोस, भेटीला एखादा शब्द पुरे.

कामाचा क्रम असा ठेव. जुनी चाळीस हजार शब्दांची फाइल वेगळी जपून ठेव आणि तिच्यात दुरुस्त्या करत बसू नकोस. दुरुस्तीत बर्फ राहून जातो. कोऱ्या फाइलमध्ये पहिलं प्रकरण लिही. पहिल्या पानावर वाऱ्यानं काहीतरी केलेलं असावं आणि पहिल्या तीन हजार शब्दांत दोघांची गाठ पडलेली असावी. जुन्यातलं मला जे ठेवावंसं वाटलं ते म्हणजे एलारा आणि तिच्या आजीचे तिन्ही प्रसंग. ती आजी बर्फातली नाहीच, ती केजकडची आहे, तिला परत आण. एकूण साठ हजार शब्दांच्या पुढं जाऊ नकोस. पानाला अडीचशे-तीनशे शब्द धरले तर तेवढ्यात दोनशे ते दोनशे चाळीस पानं होतात आणि नव्या लेखिकेच्या पुस्तकाला ती खूप झाली. वाचायला देशील तेव्हा "आवडलं का" विचारू नकोस, कितव्या पानावर ठेवलंस ते विचार.

छापण्याचं थोडक्यात. आधी यातलाच एक सुटा प्रसंग दोन-अडीच हजार शब्दांची कथा म्हणून तयार कर. बालभारतीच्या 'किशोर'ला पाठव, मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चा विचार कर, दिवाळी अंकांना द्यायचं तर जूनअखेरपर्यंत पाठव. मजकूर युनिकोडमध्येच टाइप कर, जुन्या फाँटमधून बदलताना जोडाक्षरं फुटतात. पुस्तकासाठी कुणी तुझ्याकडंच पैसे मागत असेल तर तो प्रकाशक नव्हे, छपाईचा ठेकेदार आहे असं समजून दर ठरव. आयएसबीएन भारतात सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे देऊ नकोस.

घरच्यांची धास्ती मी उडवून लावणार नाही, ती तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. पण "प्रेमकथा लिहिली" हे घोषणेसारखं सांगण्यापेक्षा जुलैच्या वाऱ्याचं प्रकरण वडिलांना वाचून दाखव. पेरणी, वाफसा, वाऱ्याची दिशा यातल्या चुका ते काढतील आणि ते पुस्तक थोडं त्यांचंही होईल. प्रेमाचा भाग आईला आधी. तेही सध्या शक्य नसेल तर टोपणनावानं छाप, त्यात गैर काही नाही. करार मात्र खऱ्या नावानं कर, भाषांतराचे आणि ऑडिओचे हक्क त्यात वेगळे लिहून घे, आणि सही झालेली एक प्रत खोलीवर न ठेवता घरी ठेव.